गटाकडे आलेला इंजिनाचा अर्ज



गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. रक्कम साठ हजार, कारण : इंजिन. मी वसई-विरार भागातल्या गटांचं काम पाहते. इंजिनासाठी कर्ज मागणं आमच्याकडे नवं नाही. अर्नाळ्याच्या बाजूला होडीच्या इंजिनाचं काम निघालं की बायका गटाकडेच येतात. म्हणून सचिवताईंनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, "होडी कुणाची, मावशी?"

मावशी म्हणाल्या, "होडी नाय. विमान."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात मी फार शहाणी होते असं कुणाला वाटू नये.

मावशी हसल्या नाहीत. त्या मोगरा विकतात. पहाटेची गाडी पकडून दादरच्या फूलबाजारात जातात, दहापर्यंत परत. सात वर्षांत त्यांची बचत एकदाही चुकलेली नाही. त्यांनी पासबुक पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मुलाला पायजे. तुम्ही घरी येऊन बघा, मग काय ते ठरवा." अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला.

दुसऱ्या रविवारी मी गेले. मुलगा बावीस वर्षांचा, आयटीआय केलेला, वसई पूर्वेला वालिवच्या एका गाळ्यात फिटर. घरामागे केळीच्या बाजूला निळी ताडपत्री बांधलेली, आणि खाली लोखंडी पाइपांचा एक सांगाडा. मला वाटलं झोपाळा आहे. तो विमानाचा पुढचा भाग होता.

या मुलाच्या डोक्यात विमान कुठून आलं, तेही सांगते. कांदिवलीच्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव राहतात. स्वतः वैमानिक. त्यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते ठेवलं होतं, तेव्हा ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नोंदणीसाठी त्यांना कित्येक वर्षं हेलपाटे घालावे लागले. ती मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात, आणि चाचणी उड्डाणाची बातमी आली २०२० साली, धुळ्याहून. मधे २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या कंपनीशी करार केला, पस्तीस हजार कोटींचा, आणि विमानाचा कारखाना होणार होता आपल्या पालघर जिल्ह्यात. त्या वेळी आमच्या बैठकांमध्ये बायका विचारायच्या, पोरांना नोकरी लागेल का? हा मुलगा तेव्हा नववीत होता. त्याने नोकरीचं विचारलं नाही. त्याच्या मनात आलं, गच्चीवर होतं तर आपल्या वाडीत का नाही?

त्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये विमानं बांधतात. त्यांची १९५३ पासूनची मोठी संघटना आहे, ऑशकॉश नावाच्या गावात दरवर्षी त्यांची जत्रा भरते. निम्म्याहून जास्त काम स्वतः केलेलं असेल तर तिकडचं सरकार त्या विमानाची 'प्रायोगिक' म्हणून नोंद करतं. खास विमानासाठी बनवलेलं इंजिन फार महाग पडतं, म्हणून त्यातले काही जण मोटारीचं इंजिन बसवतात. त्यातही काहींचं आवडतं इंजिन आहे माझदा गाडीचं रोटरी. माझदा म्हटल्यावर मला स्वराज माझदाचा टेम्पो आठवला. तो वेगळा. रोटरी इंजिनाची गाडी त्या कंपनीने आपल्याकडे विकलीच नाही.

रोटरी म्हणजे काय, हे मुलगा मला पंधरा मिनिटं सांगत होता आणि मला काही कळत नव्हतं. शेवटी मावशीच आतून आल्या. पोराकडून ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं. त्या म्हणाल्या, "भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग धर. मधे जराशी कंबर असते ना, तसं ते बाहेरचं घर. आत दाण्याच्या जागी घडीची पोळी. तिकोनी, बाजू फुगलेल्या. ती पोळी आत गोल फिरते."

मैत्रिणींनो, मी नंतर बरंच वाचलं, पण याहून सोपं मला कुठे मिळालं नाही. आपल्या स्कूटरच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. रोटरीत वर-खाली काहीच नाही. तिकोनी रोटर शेंगेसारख्या घरात फिरतो, तेव्हा त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे होतात. एकात पेट्रोल-हवा येते, दुसऱ्यात ती दाबून पेटते, तिसऱ्यातून धूर बाहेर जातो, आणि हे एकाच वेळी चालू असतं. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला दांडा तीन फेरे घेतो. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन माणसाची ही कल्पना. पहिलं इंजिन १९५७ साली चाललं, आणि माझदाने १९६७ पासून ते गाड्यांत घातलं. विमान बांधणारे जे वापरतात त्याला १३बी म्हणतात. दोन रोटर, सगळं मिळून १३०८ सीसी. आकाराने लहान, थरथर कमी, हलणारे भाग मोजके. फ्लोरिडातल्या ट्रेसी क्रूक या माणसाने आपल्या छोट्या विमानाला हे इंजिन बसवून वर्षानुवर्षं उडवलं.

"मग अडचण काय?" मी विचारलं. मुलगा म्हणाला, "काही नाही ताई. इंजिन मिळालं की झालं." कुर्ल्याला सीएसटी रोडच्या जुन्या पार्टच्या बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं होतं, बाहेरून आलेलं एक मिळवून देतो, साठ हजार आगाऊ.

मी अध्यक्षताईंना फोन करून सांगितलं, अर्ज नामंजूर करू. आगाऊ साठ हजार, पावती नाही, बस्स. पण जाण्याआधी मावशींना बाजूला घेऊन एक गोष्ट बोलायची होती. यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीला एक मुलगा होता, चोवीस वर्षांचा, वेल्डिंगचं काम करणारा. गावात त्याला मुन्ना म्हणत. त्याने मारुती ८०० चं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जमिनीवरच चाचणी घेत असताना मागचं पातं निखळून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्या पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो वाचला नाही.

मावशी म्हणाल्या, "ठाव आहे. मोबाइलवर बघितलंय मी. दोन रात्री झोपले नाय."

"मग तरी कर्ज मागता?"

"अगं, म्हणून तर गटाकडे मागते. नाय म्हटलं तर तो कुणाकडून तरी शेकडा दहाने उचलेल आणि गुपचूप आणेल. घरात मी एकटी, मला त्यातलं काय कळतं? गटात आणलं की चार जणी विचारतात."

मी घरी येताना एसटीत हेच मनात घोळवत होते. मी दहा वर्षं गटाचं काम करते. कर्जाच्या अर्जाला मी कायम परतफेडीच्या बाजूने पाहिलं. पैसे फिरतील का, हप्ता येईल का. मावशींना पैसे हवेच होते असं नाही. त्यांना विचारणारं कुणीतरी हवं होतं.

पण चार जणींना विचारायचं तर काय विचारायचं हे तरी कळायला हवं. आपल्या भागात एक बरं आहे. मुंबई विमानतळावर काम करून निवृत्त झालेली पुष्कळ माणसं वसई-विरारला राहतात. दुसऱ्या एका गटातल्या ताईंचे दीर असेच, सगळी नोकरी विमानाच्या इंजिनदुरुस्तीत गेलेली. त्यांना मी काका म्हणते. काका आले, ताडपत्री बाजूला केली, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे : "इंजिन चालतं की नाही, हा शेवटचा प्रश्न. ते कशावर लटकणार आहे?"

पुढचे दोन तास मी वहीत लिहून घेत होते. त्यातलं मला जे नीट कळलं तेवढं सांगते.

मोटारीत इंजिन बसलेलं असतं. त्याची ताकद चाकांना जाते, आणि गाडीला ढकलतात ती चाकं. विमानात पंखा इंजिनाच्याच पुढे असतो. तो पंखा अख्खं विमान ओढतो, आणि ती सगळी ओढ इंजिन जिथे बोल्टांनी विमानाला धरलंय त्या चार-पाच जागांवर येते. वर इंजिनाचं वजन. उतरताना धक्का बसला की तेच वजन कितीतरी पट होतं. पंखा एका बाजूला फिरतो तर इंजिन उलट बाजूला पिळ घेतं. विमान वळलं की फिरणारा पंखा वळायला विरोध करतो, तो ताण आणखी वेगळा. हे सगळं झेलतो तो पाइपांचा सांगाडा. त्याला माउंट म्हणतात. तो इंजिनाच्या मागे, पुढची पत्र्याची भिंत असते तिथे घट्ट केलेला असतो.

काकांनी मुलाला विचारलं, "तू पत्र्याच्या शेडची कैची केलीयेस ना? तिच्यात चौकोन असतात की त्रिकोण?" मुलगा म्हणाला, त्रिकोण. "मग इथे चौकोन का सोडलास?" मुलगा गप्प. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. आपल्या घराच्या छपरात जे आहे तेच इथेही हवं.

विमानाच्या इंजिनाला माउंट धरायला मागे मुद्दाम कान दिलेले असतात. मोटारीच्या इंजिनाला तसे नसतात. म्हणून रोटरी बसवणारे बरेच जण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जाड अॅल्युमिनियमची पाटी घालतात आणि माउंट त्या पाटीला धरतात, किंवा खालून पाळण्यासारखा आधार देतात. बोल्टाच्या जागी रबर लागतं, नाहीतर थरथर सरळ सांगाड्यात जाते आणि वेल्डला चिरा पडतात. आणि रबर तर कुजणारच, गरम तेलाने, उन्हाने. म्हणून वॉशर भोकापेक्षा मोठा घालायचा. रबर गेलं तरी इंजिन निसटून पडता कामा नये.

पुढचा प्रश्न गिअरबॉक्सचा. रोटरी ताकद देतं ती दांडा मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फिरतो तेव्हा. विमानाचा पंखा इतका जोरात फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाला पोचतात. नुसता गोंगाट, ओढ नाही. पंखा सत्तावीसशेच्या आत ठेवावा लागतो. तुमच्या पायाच्या शिलाई मशीनमध्ये खालचं चाक मोठं आणि वरचं लहान, म्हणून एका पावलात किती टाके पडतात. इथे त्याच्या उलट करायचं, वेग कमी करायचा. अमेरिकेत त्या क्रूक यांनी मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले दाते घेऊन यासाठी वेगळी पेटी तयार केली. आपल्याकडे तसली पेटी कोण देणार? मुलाने त्याचा विचारच केला नव्हता. त्याच्या हिशेबात इंजिनाचे साठ हजार होते, गिअरबॉक्सचा एक रुपया नव्हता.

मग उष्णता. रोटरच्या तिन्ही टोकांना पट्ट्या असतात, कप्पे बंद ठेवायला. कुकरच्या झाकणाची रिंग जे काम करते तेच. या इंजिनात लोखंडाचे आणि अॅल्युमिनियमचे थर एकावर एक असतात. जास्त तापलं की दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, वाकतात, आणि आतल्या रिंगा जातात. त्यामुळे पाण्याचा रेडिएटर वेगळा लागतो, तेलाचा वेगळा, आणि दोघांना विमानाच्या तोंडाशी वाट करून हवा द्यावी लागते. मोटारीत पुढे मोकळी जाळी असते. इथे जागाच कमी. काका म्हणाले, पट्टी गेली तरी हे इंजिन एकदम अडकत नाही, थोडी ताकद देत राहतं, हा त्याचा गुण. पण पाणी संपलं तर गुण कामाचा नाही.

आणि एक गोष्ट मला फार लागली. विमानाच्या साध्या इंजिनाची ठिणगी इंजिन स्वतःच तयार करतं, बॅटरी मेली तरी ते चालतं. मोटारीच्या इंजिनाला ठिणगीलाही वीज लागते, पेट्रोलच्या पंपालाही. म्हणून तिथे पंप दोन, बॅटरी दोन, तारा वेगळ्या. गाडीत बॅटरी गेली की आपण रस्त्याच्या कडेला लावतो. वर कडा कुठली?

मुलगा हुशार आहे. त्याने मध्येच विचारलं, "काका, मग आपल्याकडे कुणी हे इंजिन उडवलंच नाही?" काकांनी सांगितलं, उडवलंय की. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सैन्याच्या गाड्यांचं संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिने आणि बेंगळुरूच्या दोन संस्थांनी मिळून ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन तयार केलं. 'निशांत' नावाच्या विमानात ते २००९ साली कोलारला उडालं. पण निशांतमध्ये माणूस बसत नव्हता. ट्रकवरून सोडायचे, छत्रीने उतरवायचे. तीन संस्था लागल्या आणि वर कुणी बसलं नव्हतं, एवढं लक्षात ठेव, असं काका म्हणाले.

मुलाचं तोंड उतरलं होतं. काका उठले, त्याने स्वतः वेल्ड केलेला एक जोड सांगाड्यातून कापून घेतला, आणि पकडीत धरून हॅक्सॉ ब्लेडने मधोमध उभा कापला. वरून जोड सुंदर होता, नाण्यावर नाणं ठेवल्यासारखा. आत दोन पाइपांच्या मधे काळी रेघ. वेल्ड आत उतरलंच नव्हतं. वरवर चिकटलं होतं.

तो कापलेला जोड मी रुमालात बांधून बैठकीला नेला. हातोहात फिरवला. कुणी हसलं नाही.

बैठक तीन तास चालली, अशी कधी चालत नाही. एका ताईंनी विचारलं, आमच्या पैशाने पोर गेलं तर आम्ही कुठे तोंड दाखवायचं? दुसरी म्हणाली, पोरगा दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, पाइप जोडतो, त्याला नाही म्हणून काय मिळवणार? तिसरीने विचारलं, परवानगीचं काय? ते मी आधी पाहून ठेवलं होतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी आणि उड्डाणाचा परवाना असल्याशिवाय आपल्या देशात कुणालाही विमान उडवता येत नाही, वाडीत बांधलेलं असो की कारखान्यात. परवाना असला तरी चाचणी वेगळीच. अमेरिकेतसुद्धा घरी बांधलेल्या विमानाला विमानाचं प्रमाणित इंजिन असेल तर पहिले साधारण २५ तास आणि मोटारीचं असेल तर ४० तास, नेमून दिलेल्या भागातच, प्रवासी न बसवता उडवावं लागतं. जिथे हे सगळे करतात तिथेही मोटारीच्या इंजिनाला पंधरा तास जास्त.

शेवटी मावशींनीच अर्ज बदलला. साठ हजारांचं इंजिन काढून टाकलं. पंचवीस हजार मागितले, आर्गन वेल्डिंगच्या मशीनसाठी. त्यावर तो रविवारी स्टीलच्या रेलिंगची कामं घेणार आणि त्यातून हप्ता फेडणार. विमानाचं इंजिन आता आणायचं नाही. भंगारातलं मारुती ८०० चं इंजिन तो स्वतःच्या पगारातून घेईल आणि जमिनीत गाडलेल्या चौकटीवर नुसतं चालवून पाहील, माउंट आणि थंड करण्याचं शिकायला. त्याला पंखा लावायचा नाही. कधी लावायची वेळ आलीच तर भोवती जाळीचा पिंजरा, काका हजर, आणि त्याआधी गटाला सांगायचं. हे सगळं ठरावात लिहिलं. बँकेचे साहेब इतिवृत्त वाचतील तेव्हा त्यांना काय वाटेल, याची मला जरा काळजी होती. दोघींनी विरोधात हात वर केला, तेही लिहिलं. त्यातल्या एक ताई अजून मला म्हणतात, तुम्ही चुकलात. त्यांना मी उत्तर देत नाही, कारण माझ्याकडे ते नाही.

मशीन आलं. पाच हप्ते वेळेवर आले आहेत. दर पंधरा दिवसांनी मुलगा एक जोड करून काकांकडे नेतो, काका तो कापतात. दुसऱ्यात रेघ होती, तिसऱ्यात अर्धी होती. गेल्या महिन्यात मी तिथे होते. काकांनी चौथा जोड कापला, चष्मा वर केला, खिडकीशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. मावशी मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसल्या होत्या, हात थांबवून म्हणाल्या, "काय?"

"याच्यात नाही दिसत," काका म्हणाले. मग मुलाकडे वळून, "आता असेच दहा आण."